जीर्णोद्धार कोणाचा?

जुन्या वास्तूची डागडुजी करून तिला पूर्वीची शोभा आणणें, यास आपल्या भाषेंत ‘जीर्णोद्धार’ असा भारदस्त शब्द आहे. परंतु या कृत्यांत उद्धार कोणाचा होतो, केवळ भिंतींचा कीं त्या भिंतींआड राबलेल्या माणसांच्या स्मृतीचाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंतील चार्ल्स्टन शहराचीं जुनीं घरें व बागा पाहणाऱ्यास मात्र तो टाळतां येत नाहीं.

दक्षिण कॅरोलायना संस्थानांतील या बंदरानें १९३१ सालीं जुन्या वस्तीच्या रक्षणार्थ निर्बंध घातले. त्या देशांत असें करणारें हें पहिलें शहर. पुढें १९४७ सालीं येथें वास्तुरक्षणास वाहिलेली एक संस्था निघाली. वसंत ऋतूंत खाजगी घरें व बागा तिकीट काढून येणाऱ्यांस दाखवावयाच्या आणि तो पैसा जुन्या वास्तूंच्या जतनास लावावयाचा, हा तिचा परिपाठ आजही चालू आहे. अरुंद बाजू रस्त्याकडे व लांब सोपा बागेकडे, अशी येथील कित्येक घरांची ठेवण आहे. त्यामुळें समुद्रावरचा वारा घरांत खेळतो. पाहणाऱ्याचें मन प्रसन्न होतें, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं.

परंतु ही शोभा उभी केली कोणीं? १८०८ सालीं पुरें झालेलें नॅथॅनिएल रसेल या व्यापाऱ्याचें घर तीन मजले चढणाऱ्या डौलदार जिन्यासाठीं प्रसिद्ध आहे. त्या घरांतील कामें गुलाम करीत. शहराच्या जुन्या विटांवर बोटांचे ठसे आढळतात. त्यांतले कांहीं लहान मुलांचे आहेत. एकन-रेट हें दुसरें घर १९९५ सालीं याच संस्थेकडे आलें. त्यास नवी झळाळी न देतां, भिंतींवरील फाटक्या कागदासह, सांपडलें तसेंच तें राखलें आहे. मागील आवारांत स्वयंपाकघर, तबेले व त्यांच्या माथ्यावर गुलामांच्या खोल्या अद्याप उभ्या आहेत. मेजवानीच्या दालनांतून तेथें जाण्यास मोजकीं पावलें पुरतात.

कोणी म्हणेल, १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली. आजच्या घरमालकांचा यांत अपराध तो कोणता? अपराध नाहींच. परंतु बापाच्या मिळकतीबरोबर बापाचें ऋणही मुलाकडे येतें, असें आपलें धर्मशास्त्र सांगतें. जो जिना व बाग आनंदानें स्वीकारतो, त्यानें त्या बोटांच्या ठशांस परकें म्हणणें न्यायाचें नव्हे. ऋण फेडतां आलें नाहीं, तरी निदान कबूल करावें. आणि पाहुण्यास मागचें आवार दाखविणें ही ती कबुलीच होय.

हें आम्ही परक्यांस शिकविण्याच्या बुद्धीनें लिहीत नाहीं. आमच्या वाड्यांसही मागचें दार होतें, आणि त्यानें येणाऱ्यांचीं नांवें आम्हीं कोठें लिहून ठेविलीं आहेत?