कर्ता एक, भोक्ता दुसरा

कर्मसिद्धान्तात कर्ता आणि भोक्ता एकच. या जन्मी नाही तर पुढच्या, पण ज्याचे त्यालाच फेडावे लागते. मराठी विज्ञानकथेतल्या भविष्याच्या भीतीची मुळे या हिशेबात सापडतात. यंत्र माणसावर उलटेल ही धास्ती तिच्यातही आहे. पण करणारा एक आणि भोगणारा भलताच असेल तर पाप कोणाच्या खाती मांडायचे, हा प्रश्न अधिक खोल जातो.

जयंत नारळीकरांच्या ‘पुत्रवती भव’मध्ये मुलगाच होईल अशी सोय हाती येते. प्रत्येक घर आपल्यापुरते शहाणपणाने वागते, फळ पुढच्या पिढीच्या पदरात पडते. ‘धूमकेतू’त प्रश्न श्रेयाचा आहे: शास्त्रज्ञ धूमकेतूची वाट वळवतात, इकडे घरी शांतियज्ञ होतो. लेखकाचा कल उघड असला, तरी यज्ञाचा गुण आला असे मानणाऱ्याला हटवणे किती अवघड, हेही कथेतून दिसते. लक्ष्मण लोंढे यांच्या ‘दुसरा आइनस्टाईन’मध्ये मेंदूच दुसऱ्या देहात जातो. वेदान्तातला देही मृत्यूनंतर देह पालटतो. इथे ते काम शस्त्रक्रियेच्या टेबलावर उरकते आणि खातेदार कोण हेच ठरेनासे होते.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न कथेपुरता राहिला नाही. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, ती बोंडअळीची फवारणी घटेल या भरवशावर. गुलाबी बोंडअळी पुढे बीटी कापसातल्या विषाला सरावली. रसशोषक किडींसाठी फवारे चालूच होते. २०१७ च्या हंगामात कापसाची पऱ्हाटी कुठेकुठे डोक्याच्या वर गेली. पाठीवर पंप, नळी वर धरलेली, वाऱ्याने फिरलेले तुषार तोंडावर, सदरा औषधाने भिजून अंगाला चिकटलेला. जिल्ह्यात २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. कर्ता कोण? बियाणे काढणारा, औषध विकणारा, दोन औषधे एकत्र कालवणारा, की हातमोजे न घालता दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारा? अशा वेळी दोष वाटला जातो आणि मेलेल्याच्या वाट्याला बहुधा दोनच शब्द येतात: निष्काळजीपणा, नाहीतर नशीब.

दुसऱ्या शब्दाला विदर्भातच मोठा विरोध उभा राहिला. १९५६ मध्ये नागपुरात धम्मदीक्षा घेणाऱ्या आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात आजच्या दुःखाचे खापर पूर्वजन्मीच्या कर्मावर फोडायला नकार दिला. बौद्ध प्रतीत्यसमुत्पादात एकटा कर्ता शोधत बसत नाहीत. कारणांची साखळी तपासतात आणि एक कडी तुटली की पुढचे घडत नाही. विज्ञानकथेची रीत याच्या फार जवळची आहे. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये गोळी विश्वासरावांना चाटून जाते, आणि पानिपत मराठे जिंकतात.