दुखणे एक, माणसे वेगळी



नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या डहाणू-तलासरी भागाला भूकंपाचे धक्के बसू लागले. ऐन थंडीत लोक अंगणात व तंबूत झोपत होते, हे आपण विसरलेलो नाही. जमीन सर्वांच्या पायाखालची हलली, पण मने सारखी हलली नाहीत. कोणी दोन दिवसांत कामाला लागला, कोणाची झोपच उडाली, तर कोणाचे जुने, दडपलेले दुःख वर आले. अशा सर्वांना एकच गोळी आणि एकच उपदेश देणे, याला न्याय म्हणावे काय?

सर्वांना सारखे देणे हाच न्याय, असे वरवर वाटते. परंतु घरातल्या सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवला, तर त्यात शिंप्याची सोय होते, घालणाऱ्याची नाही. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने सुमारे २३०० वर्षांपूर्वी हेच दाखवून दिले. वैद्य ‘मनुष्यजातीवर’ उपचार करीत नाही. तो सॉक्रेटिसवर, म्हणजे नाव-गाव असलेल्या एका माणसावर उपचार करतो. शास्त्र हवेच, पण ज्याला केवळ शास्त्र ठाऊक आहे आणि समोरचा माणूस ठाऊक नाही, त्याचा उपचार चुकण्याचा संभव असतो.

मनाच्या आजारात तर हे अधिकच खरे आहे. ताप थर्मामीटरने मोजता येतो. मनाचे दुखणे मुख्यतः माणसाच्या बोलण्यातूनच कळते. आपली वारली आजी ‘मी उदास आहे’ असे म्हणणार नाही. छातीत धडधडते, अंग जड झाले, असे सांगेल. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या तरुणाला दर पंधरा दिवसांनी तपासणीला बोलावले, तर तो येणार कसा? औषध बंद पडते आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो.

कोणी म्हणेल, “फादर, डॉक्टर मोजके आणि रुग्ण अनेक. एकेकाचे ऐकायला वेळ कोणाला?” प्रश्न रास्त आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने त्यावर एक वाट शोधली. १२ सरकारी व १२ खाजगी दवाखान्यांत झालेल्या या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना रुग्णांशी बोलायला बसवले. आधी आजार समजावून सांगायचा. तेवढ्याने भागले नाही, तर गरजेप्रमाणे औषध किंवा संवादातून उपचार. आणि त्रास गंभीर असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी दवाखान्यांत या पद्धतीने अधिक रुग्ण बरे झाले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे ज्या गरिबाचे ऐकायला कोणी नसते, त्यालाच ऐकून घेण्याचा खरा लाभ झाला.

याहून अवघड प्रश्न असा, की रुग्णच उपचार नको म्हणाला तर? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने त्याचा विचार केला आहे. आपल्यावर कसे उपचार व्हावेत व कसे होऊ नयेत, हे प्रौढ व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते आणि आपल्या वतीने बोलणारा माणूसही नेमू शकते. रुग्णाला साखळीने बांधण्यास या कायद्याने मनाई आहे. झटक्याच्या भरात उच्चारलेला प्रत्येक शब्द मानावा असे नाही. पण त्याच्या नावाने सगळे आपणच ठरवावे, असेही नाही.

बार्तीमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते. तरीही त्याला काय हवे, हे प्रभू येशूने आधी त्यालाच विचारले.

आपल्या घरात असे दुखणे असेल, तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा: झोप केव्हापासून बिघडली, कामाला कोठे व किती महिने जावे लागते, दारू किंवा भगताचे औषध चालू आहे काय. गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. जमत नसतील, तर तसे सांगा. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते. आणि शेजारच्या घरी असा कोणी असेल, तर सल्ला देण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकून घेऊ या.