साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याआधी

न्यायालय मनोविकारतज्ज्ञाला जे विचारते ते एका वाक्यात मावते. कृत्य करताना आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे आरोपीला मनोविकारामुळे कळत नव्हते का? दंडसंहितेचे कलम ८४ आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२ झाले, प्रश्न मात्र तोच राहिला. डॉक्टर आरोपीला तपासतो ते घटनेनंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी; मत द्यायचे असते घटनेच्या त्या घटकेविषयी. हे अंतर पदवीच्या वजनाने भरून निघत नाही. त्यासाठी अशा शेकडो माणसांच्या नोंदींचा अभ्यास लागतो, आणि तो पुढच्या पिढीला शिकवणारे शिक्षक लागतात. म्हणूनच न्यायवैद्यक मनोविकारशास्त्रात संशोधन आणि अध्यापन ही फावल्या वेळची कामे नाहीत. ती नसतील तर तज्ज्ञाची साक्ष नुसती पोकळ राहत नाही, ती धोकादायक ठरते.

याचा बोलका पुरावा पुण्याच्या सत्र न्यायालयात सापडतो. जून २००८ मध्ये एका खून खटल्यात शिक्षा सुनावताना परिस्थितिजन्य पुराव्याच्या जोडीला मेंदूतील विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला गेला. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, गुन्ह्याविषयीची विधाने ऐकवायची आणि ती घटना त्या व्यक्तीने स्वतः अनुभवली आहे की नाही हे लहरींवरून संगणकाने सांगायचे, असे हे तंत्र. स्वतंत्र प्रयोगशाळांनी ते पडताळून पाहिलेले नव्हते. मे २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशा चाचण्या करण्यास मनाई केली, पण ती मुख्यतः राज्यघटनेने दिलेल्या हक्कांच्या आधारे. तंत्र शास्त्रीय आहे का, हे ठरवणे शास्त्राचेच काम होते आणि ते खटला उभा राहण्याआधी व्हायला हवे होते. न्यायाधीशांनी मेंदूचे आलेख वाचावेत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. ‘हे अजून सिद्ध झालेले नाही’ असे त्यांच्यासमोर ठामपणे सांगणारा माणूस हवा, आणि तसे सांगायला संशोधनाची शिस्त अंगी बाणलेली असावी लागते.

दुसरी बाजूही पुण्यानेच पाहिली. २५ जानेवारी २०१२ रोजी स्वारगेटहून पळवलेल्या एसटीने नऊ जणांचे प्राण घेतले. चालकावर पूर्वी मानसोपचार झाल्याचे बचावपक्षाने मांडले. न्यायालयांनी वेडाचा बचाव स्वीकारला नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. त्या निकालाची फेरतपासणी इथे करायची नाही. मात्र अशा खटल्यांत घटनेपूर्वीचा केसपेपर फार महत्त्वाचा ठरतो. ओपीडीत घाईने लिहिलेल्या दोन ओळींवर काही वर्षांनी कोणाचे तरी आयुष्य टांगलेले असू शकते, हे निवासी डॉक्टरला पहिल्या दिवसापासून शिकवावे लागते. त्याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. ‘शेजाऱ्याने करणी केली’ असे आरोपी म्हणतो, तेव्हा ती गावाची समजूत की आजारातून आलेला भ्रम? आसपासच्या चारचौघांनाही तसेच वाटत असेल, तर तेवढ्यावरून त्याला भ्रम म्हणता येत नाही. तोच शेजारी भिंतीपलीकडून आपले विचार काढून घेतो असे तो सांगू लागला, तर घरचेही बुचकळ्यात पडतात. ही सीमारेषा लंडनमध्ये लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात आखून मिळणार नाही. मराठी रुग्णांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत नोंदवून, ताडून पाहूनच ती हाती येईल.

पुण्यात यासाठी लागणारे सारे काही आहे. येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे आणि २,५४० खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालयही; ससून आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाहीत. इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या घडणीत हातभार होता. कायद्याच्या आणि मनोविकारशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकाच वर्गात बसून एकच निकालपत्र वाचावे, अशी व्यवस्था इथे होणे शक्य आहे आणि ती व्हायलाच हवी.

यावर पहिला आक्षेप येतो तो संतापातून: अशाने गुन्हेगार वेडाचे सोंग घेऊन सुटतील. उच्च न्यायालयांच्या दहा वर्षांतील १०२ निकालांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १८ खटल्यांतच हा बचाव टिकला. शिवाय सोंग ओळखायचे कसे, हेही वॉर्डातल्या दीर्घ निरीक्षणातून शिकण्याचेच कौशल्य आहे. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: उपचारालाच डॉक्टर पुरत नाहीत, मग संशोधन कुठले? पण बंगळुरूच्या कारागृहात ५,०२४ कैद्यांची पाहणी झाली, तेव्हा व्यसने वगळूनही चौथ्या हिश्शाहून अधिक जणांत मनोविकार आढळला. उपचार कुठे पोहोचलेले नाहीत, हे त्या संशोधनानेच दाखवले. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कैद्याची संमती खरोखर मोकळी असते का? सवलतीच्या आशेने किंवा भीतीपोटी तो होकार देऊ शकतो. यासाठी कारागृहापासून स्वतंत्र अशी नैतिकता समिती हवी, आणि नकाराचा कैद्याला तोटा होणार नाही याची लेखी हमीही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उपचार करणारा डॉक्टर आणि न्यायालयासाठी तपासणी करणारा डॉक्टर एकच असू नये. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढे त्याच्याच विरुद्ध वाचली जाणार असेल, तर तो बोलायचा थांबेल, आणि मग उपचारही होणार नाहीत. ही दोन कामे वेगळी ठेवायची तर माणसे दुप्पट लागतात, आणि ती आजच्या एमडीच्या वर्गांतूनच तयार व्हायची आहेत.