ऐकीव बातमी व आपली साक्ष

मोठी वर्तमानपत्रे कर्जत-खालापूरच्या वाड्यांकडे क्वचितच पाहतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा कोठे त्या वाडीचे नाव देशास कळले. म्हणून आपले लोक अन्यत्र बातमी शोधितात, यात दोष नाही. परंतु मोठ्या पत्रात नाही तेच खरे, असे मानणे घातक होय. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारे आले या अफवेवरून जमावाने भिक्षेस आलेल्या पाच निरपराध माणसांस ठार मारिले. मोबाईलवरून अशी अफवा पुढे पाठविणाऱ्याने दगड उचलला नाही, म्हणून तो निर्दोष ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही.

मग विश्वास कोणावर ठेवावा? लूकाने शुभवर्तमान लिहिण्यापूर्वी, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींचा मुळापासून शोध केला. तोच कित्ता आपण गिरवावा. सांगणाऱ्याने स्वतः पाहिले काय? तो आपले नाव देतो काय? चूक झाल्यास कबूल करितो काय? या कसोटीस उतरेल तो गुराखी असला तरी त्याचे ऐकावे. न उतरेल तो आपल्याच मंडळीतील असला तरी बातमी पुढे नेऊ नये. बिरुयाकरांनी पौलाचेही बोलणे पडताळून पाहिले, व त्यात त्यांची थोरवीच दिसली.