वारा वेगळा का?

पावसाळ्यात मुळशीच्या डोंगरांवर ढग उतरले की ताम्हिणीत पुढचं वळण दिसत नाही. याच सह्याद्रीत, आपल्याच पुणे जिल्ह्यात, ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्र उलटल्यावर अलितालियाचं विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. मुंबई जवळ आली अशा समजुतीत वैमानिक विमान खाली आणत होते. ती समजूत ताडून पाहायला दिशादर्शक यंत्रणा हाताशी होती, तिचा उपयोग केला गेला नाही, असं चौकशीत निघालं.

पुढे यंत्रं सुधारली. तरीही ३१ ऑगस्ट १९८३ रोजी अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं विमान पाच तासांहून अधिक काळ वाट चुकत राहिलं. ऑटोपायलट ठरलेला मार्ग न पकडता एकच दिशा धरून बसला होता. त्याने काही बिघडवलं नाही, लावून दिलं तेवढं चोख केलं. त्यामुळे कॉकपिटमध्ये सगळं ठाकठीक वाटत होतं. विमान पाचशे किलोमीटरहून जास्त बाजूला गेलं, सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि तिथल्या लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली.

यातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. त्याच मार्गावर, थोड्याच अंतराने, त्याच कंपनीचं दुसरं विमान येत होतं. रेडिओवर दोन्हीकडचे वैमानिक बोलत होते. मागच्याला जोराचा वारा पाठीशी होता. पुढचे म्हणत होते, आम्हाला समोरून लागतोय. एकाच वाटेवर इतका वेगळा वारा कसा? आश्चर्य वाटलं, पण असेल तसं म्हणून विषय तिथेच राहिला. खूण बाहेरून चालून आली होती आणि तिचा मान राखला गेला नाही.

८ ऑगस्ट २०१४ ला तो राखला गेला. मुंबईहून ब्रसेल्सला निघालेलं जेट एअरवेजचं विमान तुर्कस्तानवर नेमून दिलेल्या उंचीवरून सुमारे ५,००० फूट खाली आलं. कमांडर नियमानुसार विश्रांती घेत होता, सहवैमानिक टॅबलेटमध्ये गुंतली होती. अंकाराच्या कंट्रोलरने विचारलं, तेव्हा कुठे विमान पुन्हा वर गेलं.

भरकटणाऱ्याला आपण भरकटतोय हे आतून कळत नाही. ते सांगायला बाहेरचं कुणी लागतं. आणि आपल्याकडे पतसंस्थेच्या, सोसायटीच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून व्हायच्या आत ‘मंजूर, मंजूर’ होतं. मागच्या रांगेतला एखादा सभासद उठून विचारतो, गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या आकड्यांत मेळ का नाही? त्याला खाली बसवतात. त्याचं म्हणणं चुकीचंही असेल. पण ते तपासायला अर्धा तास जातो, आणि तो देणं हे अध्यक्षांचं काम आहे, त्यांचे उपकार नव्हेत.