जड सुरांना गावच लागतं

मेल्विन्स हे नाव अमरावती-अकोल्यात फार थोड्यांना ठाऊक असेल. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मॉन्टेसानो हे लाकूडतोडीच्या धंद्यावर पोसलेलं छोटंसं गाव आहे. तिथल्या पोरांनी 1983 साली हा रॉक बँड काढला. आपलं अमरावती विद्यापीठ स्थापन झालं ते हेच वर्ष. इतक्या वर्षांत या बँडचं एकही गाणं घराघरात पोचलं नाही. पण शेजारच्या ॲबरडीन गावातला कर्ट कोबेन त्यांच्या तालमी ऐकत वाढला. पुढे 'निर्वाणा' बँडच्या पहिल्या डेमोवर ड्रम वाजवले ते मेल्विन्सच्याच डेल क्रोव्हरनं. 1991 नंतर निर्वाणाचे रेकॉर्ड जगभर लाखोंनी खपले. त्या आवाजाचं मूळ या लाकूडतोड्या मुलखात होतं.

त्यांनी नेमकं केलं काय? भोवतालचे बँड वेगाच्या मागे लागलेले असताना हे लोक संथ झाले. मेल्विन्सचा गिटारवादक बझ ऑस्बोर्न गिटारची सगळ्यात जाड तार एक पूर्ण स्वर खाली उतरवायचा. तार तशी उतरवली की तिन्ही जाड तारा एकाच बोटानं आडव्या दाबता येतात आणि आपल्या भाषेत सांगायचं तर थेट सा-प-सा उमटतो. तार सैल झाल्यामुळे आघातानंतरही ती गुरगुरत राहते. मग पुढच्या आघाताची घाई नसते. मधल्या रिकाम्या जागेतही आवाज भरून उरतो. साउंडगार्डन या बँडचा गिटारवादक किम थायिल ही युक्ती ऑस्बोर्नकडून शिकला. थायिलचे आईवडील केरळातून तिकडे गेलेले. तंबोऱ्याचा सा-प ऐकत आलेल्या आपल्या कानांना हे संगीत परकं वाटायचं खरं तर कारण नाही.

या संथ, भरून उरणाऱ्या आवाजाला मी जड म्हणतो. जडपणा आणि मोठा आवाज यांत आपण नेहमी गल्लत करतो. वरातीतल्या डीजेनं खिडक्यांची तावदानं थरथरतात, छातीत धडधडतं, पण त्या आवाजाला वजन नसतं. बटण दाबलं की तो सुरू, बटण दाबलं की बंद. वजन पाहायचं तर श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात यावं. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून कावडी राजराजेश्वराकडे निघतात. मोठ्या कावडींना शेकडो भरणे बांधलेले असतात आणि त्या पेलायला कितीतरी खांदे एकदम लागतात. इतकं ओझं खांद्यावर असताना कुणाला धावता येत नाही. ढोलाची लय पायांना धरून चालते आणि पायांची लय ओझं ठरवतं. त्या ठेक्यात जो दम आहे, तो ओझ्यातून आलेला आहे. मेल्विन्सच्या संथपणातही मला हाच दम ऐकू येतो.

आडगावातून उठलेल्या आवाजाचा तर याहून मोठा दाखला अमरावती जिल्ह्याकडे आहे. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांच्या हाती खंजिरी होती, एवढंसं वाद्य. त्या खंजिरीवरच्या भजनांनी 1942 मध्ये चिमूर-आष्टीच्या लोकांना असं पेटवलं, की इंग्रज सरकारनं महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. महाराज आणि मेल्विन्स यांची बरोबरी मी करत नाही. महाराजांचं भजन सगळ्या गावाला सोबत घेऊन चालतं, मेल्विन्सचं गाणं जो टिकेल त्याच्यासाठी असतं. एकात भक्ती आहे, दुसऱ्यात तिचा मागमूस नाही. तरी एक गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. मोठ्या शहराची परवानगी न मागता, हाताशी असलेल्या थोडक्या साधनांवर आडगावातून उभा राहिलेला आवाज फार लांब जातो.

1993 मध्ये अटलांटिक या बड्या कंपनीनं मेल्विन्सशी करार केला. तीन अल्बम झाले आणि संबंध संपला. बँड मात्र चालू राहिला. 2012 साली त्यांनी अमेरिकेची पन्नास राज्यं आणि राजधानी मिळून 51 दिवसांत 51 कार्यक्रम केले. खपाच्या आकड्यांवर जगणाऱ्याला हे जमणं कठीण.

आपल्याकडेही जड वाजवू पाहणारी पोट्टी आहेत. त्यांना अडतं ते जागेपाशी. घरी वाजवलं तर शेजारी ओरडतात. गॅदरिंगला हिंदी गाणी वाजवा म्हणतात. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात पाश्चात्त्य गायन आहे, समूहगीत आहे, एकल वादन आहे; स्वतःची गाणी बांधणाऱ्या चौघांच्या बँडला त्यात बसवायचं कुठे, हा प्रश्नच आहे. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय संगीत होत नाही, असं या पोरांना आपणच शिकवलं आहे आणि ते चुकीचं आहे. अमरावतीचं सांस्कृतिक भवन, अकोल्याचं प्रमिलाताई ओक सभागृह, कॉलेजांची रिकामी सभागृहं महिन्यातली एक संध्याकाळ त्यांना सहज देऊ शकतात. ती द्यावी, आणि ऐकायला निदान वीस जणांनी जावं.