काटकसर कोणाच्या वाट्याची?

नाशिकरोडला लहानाचे मोठे झालेल्या आमच्यासारख्यांना पैशाची एक गंमत फार लवकर कळते. देशाच्या नोटा आमच्या गावात छापल्या जातात. पूर्वी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडमधून छापून येत. १९२८ साली पाच रुपयांच्या नोटेने येथील छपाईला प्रारंभ झाला. टपालाची तिकिटे, मुद्रांक आणि पारपत्रे येथेच तयार होतात. पोस्टात मिळणारी राष्ट्रीय बचतपत्रेही येथेच छापली जात. २०१६ मध्ये छापील बचतपत्रे बंद झाली. आमचे वडील ‘प्रेस’मध्ये नोकरीला होते. त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक कागदाचा हिशेब असे. नासलेला कागददेखील मोजून परत द्यावा लागे. आणि त्याच माणसाच्या घरी महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला आई शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणी.

त्या घरात काटकसर शिकवावी लागली नाही. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत. गेल्या वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढून, दाभणाने शिवून नव्या वह्या तयार होत. शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून, उलटी करून पुन्हा लावली जाई. साबणाचे उरलेले तुकडे एकमेकांना चिकटवून त्यांची नवी वडी बने. द्राक्षांच्या हंगामात घड परवडत नसत. घडातून गळलेले मणी बाजार उठण्याच्या वेळी स्वस्तात मिळत, ते आई पदरात बांधून आणी. शिळ्या पोळीचा कुस्करा हा आमच्या घरी नाश्त्याचा राजा होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आम्ही पाठ केली नाही. त्या अंथरुणावर आम्ही झोपलो.

आज आमच्या घरी साखर उसनी आणावी लागत नाही. तरीही जुनी सवय सुटलेली नाही, आणि ती सुटू नये असेच आम्हांला वाटते. पूर्वी ऋण काढून सण करणाऱ्याला लोक नावे ठेवीत; आता लग्नच काय, मुलाच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराची मेजवानीदेखील हप्त्यांवर होते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. अशा काळात काटकसर हा सद्गुण आहे, हे आम्ही आमच्या मुलांना वारंवार सांगत आलो. परंतु गेल्या काही वर्षांपूर्वीच्या एका प्रायश्चित्तकाळात आमच्या या खात्रीला तडा गेला. तो प्रसंग लिहिताना संकोच वाटतो. तथापि त्यावाचून पुढील विचार पोकळ ठरेल.

राखेच्या बुधवारी आम्ही उभयतांनी ठरविले की, चाळीस दिवस मांसाहार, बाहेरचे खाणे आणि अनावश्यक खरेदी बंद करायची व वाचलेली रक्कम गरिबांसाठीच्या पाकिटात टाकायची. प्रत्येक रुपयाची नोंद ठेवण्यासाठी एक वही केली. त्याच महिन्यात आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई चार दिवस आल्या नाहीत. त्यांच्या नातवाला ताप होता. महिनाअखेरीस आम्ही नियमाप्रमाणे खाडे कापले. हिशेबाने २५० रुपये वाचले. ते वहीत लिहिले गेले आणि पाकिटातही गेले. पाकिटात एकूण ५०० रुपये जमले होते. त्या रात्री वही मिटताना आमचे समाधान काही विचारू नका!

झावळ्यांच्या रविवारी पाकीट अर्पण केले. घरी परतताना वाटेत पत्नीने सहज विचारले, “यांतले निम्मे कोणी दिले?” आम्ही निरुत्तर झालो. निम्मे पैसे आम्ही दिलेच नव्हते. ते एका तापलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आजीने दिले होते, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. गरिबासाठी म्हणून आम्ही गरिबाच्याच वाट्याला कात्री लावली होती.

तेव्हापासून एक प्रश्न आमचा पाठलाग करीत आहे. काटकसर आणि कृपणता यांच्यातील सीमारेषा नेमकी कोठे आहे?

याचे प्रचलित उत्तर ‘प्रमाणात’ असे आहे. अॅरिस्टॉटलने औदार्याला उधळपट्टी आणि कृपणता या दोन टोकांच्या मध्ये बसविले. संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार स्वीकारला आणि त्यातील एक मार्मिक मुद्दाही उचलून धरला. या दोन दोषांपैकी कृपणता अधिक वाईट. कारण उधळ्याच्या पैशाने निदान चार लोकांचे भले होते, कृपणाच्या पैशाने कोणाचेच होत नाही. हे सारे मान्य. परंतु आमचा प्रसंग या मापाने मोजला, तर आम्ही निर्दोष सुटतो. आम्ही ना उधळले, ना साठविले. जे वाचले ते दान केले. मग टोचणी कशाची? म्हणजे किती वाचविले आणि किती दिले, एवढे विचारून भागत नाही. कोणाच्या वाट्यातून वाचविले, हेही विचारले पाहिजे.

हा प्रश्न हाती घेऊन शुभवर्तमानाकडे वळलो, तेव्हा परिचित उतारे नव्याने दिसू लागले. संत योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू पाच हजारांना जेवू घालतो आणि नंतर शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो. काहीही वाया जाऊ नये, हा त्याचा आग्रह आमच्या आईच्या स्वयंपाकघराशी किती जुळणारा! बारा टोपल्या भरतात. परंतु क्रम पाहण्यासारखा आहे. आधी सर्वांची पोटे भरली, मग तुकडे वेचले गेले. कोणालाही अर्धपोटी उठवून त्या टोपल्या भरलेल्या नाहीत.

त्याच शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात दुसरा एक काटकसरी भेटतो. बेथानीच्या मरियेने प्रभूच्या पायांना मौल्यवान सुगंधी तेल लावले, तेव्हा हे तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असे विचारणारा यहूदा! त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. संत योहान मात्र स्पष्ट सांगतो की, त्याला गरिबांची कळकळ नव्हती. पैशांची थैली त्याच्याजवळ असे आणि तो तीतून चोरी करी. वहीत बरोबर असलेला हिशेब मनात खोटा असू शकतो, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

धान्य साठविणे हे पाप आहे काय? तसेही दिसत नाही. योसेफाने मिसर देशात सुकाळाची सात वर्षे धान्य साठविले, तर लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत शेतकऱ्याने कोठारे पाडून मोठी कोठारे बांधायचा बेत केला. पहिल्याला आपण शहाणा म्हणतो, दुसऱ्याला देव मूर्ख म्हणतो. कोठारे दोघांचीही मोठी होती. योसेफाची कोठारे दुष्काळात लोकांसाठी उघडली. शेतकऱ्याच्या बेतात स्वतःच्या जिवाशिवाय दुसरे कोणीच नव्हते. चौथ्या शतकातील संत बासिल यांनी याच दाखल्यावर प्रवचन करताना सांगितले की, आपल्याजवळ पडून असलेली भाकर ही भुकेल्याची असते आणि पेटीत जपून ठेवलेले वस्त्र उघड्याचे असते. मालकी आपल्याकडे असली तरी वाटा आपलाच असतो असे नाही, हा त्यांचा आशय.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराने काटकसर करावी, थोडे शिल्लक टाकावे, स्वतःची लहानशी मालमत्ता करावी, असे सांगितले आहे. परंतु त्यांनी आधी मजुरीचा प्रश्न सोडविला. कुटुंबाचा निर्वाह नीट होईल इतकी मजुरी मिळाली तरच समजूतदार कामगाराला बचत करता येईल, असा त्यांचा क्रम आहे. येथेही आधी पोट, मग टोपल्या. ज्यांचे खाडे आपण कापतो, त्यांना बचतीचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला कोठून येणार?

बुधवारी गोदाकाठी भरणाऱ्या बाजारात आपण जातो. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करतो. आवक वाढली की याच नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोथिंबिरीचे वाहतुकीपुरतेही पैसे मिळत नाहीत आणि माल रस्त्यावर फेकून तो रिकाम्या हाताने परततो, हे आपण वर्तमानपत्रात वाचून हळहळतो. दुसऱ्या दिवशी त्याच जुडीचे दोन रुपये कमी करून घेतल्याचा आनंद घरी येऊन सांगतो. मोठ्या दुकानात छापील किमतीपुढे मात्र आपली जीभ उचलत नाही. जो आपल्यापेक्षा दुबळा, त्याच्याशीच आपली काटकसर पराक्रम गाजविते.

हा प्रश्न आम्ही घराच्या आतही नेऊन पाहिला, आणि तेथे तो अधिकच बोचला. आमच्या आईच्या काटकसरीचे गोडवे आम्ही वर गाइले. परंतु त्या काटकसरीचा खरा भार कोणी वाहिला? आई सर्वांत शेवटी जेवे. पातेल्याला जे चिकटलेले असे, तो तिचा वाटा. दूध कमी पडले की ते आम्हां मुलग्यांना मिळे, बहिणींना चहा. पोटाला चिमटा घेऊन घर उभे केले, असे आपण अभिमानाने म्हणतो. चिमटा कोणाच्या पोटाला, हे विचारीत नाही. आईने तो स्वतःच्या पोटाला घेतला म्हणून ती थोर. बहिणींच्या पोटाला तो घेतला गेला, त्याला मात्र थोरवी म्हणता येणार नाही, मग घेणारी आईच का असेना.

येथे एक आक्षेप येईल. सगळाच सढळ हात ठेवला तर संसार कसा चालावा? आजारपण, म्हातारपण, मुलांचे शिक्षण यांची तरतूद कोणी करावी? हा आक्षेप खरा आहे, आणि दानशूरांनी तो विशेष लक्षात घ्यावा. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी ख्रिस्ती घरांत आवडीने वाचली जातात. रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. समोर गरजू दिसला की तो गेलाच. वाचताना आपण हसतो आणि टिळकांवर प्रेमही करतो. परंतु त्या औदार्यानंतर चूल पेटविण्याची चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. म्हणजे काटकसर जशी दुसऱ्याच्या वाट्यातून होते, तसे दानही होऊ शकते. मंदिराच्या भांडारात दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेचे मोल प्रभूने केले ते याचसाठी असावे. तिने दिले ते पूर्णपणे स्वतःच्या वाट्यातले होते.

स्वतःचा वाटा कमी करून दुसऱ्यासाठी दार रुंद करणारी काटकसर महाराष्ट्राने पाहिली आहे. १९५६ साली निधन पावलेले गाडगे महाराज ठिगळांचे वस्त्र नेसत आणि गाडग्यात भाकर खात. कीर्तनातून ते लोकांना कर्ज काढू नका म्हणून बजावीत. लोकांनी दिलेल्या पैशातून मात्र त्यांनी पंढरपूर, आळंदी आणि आमच्या नाशकात धर्मशाळा उभ्या केल्या. वसईत १९१८ साली मोन्सिन्यूर पी. जे. मोनीस यांनी कॅथॉलिक सहकारी पतपेढी स्थापन केली. गरीब लोकांनी आपापल्या लहान ठेवी एकत्र केल्या आणि त्यांतून शेजाऱ्याची गरज भागू लागली. तिचीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. आज गावोगावच्या बचत गटांत दहा-वीस स्त्रिया दरमहा ठरावीक रक्कम काढतात आणि जिची नड मोठी तिला आधी कर्ज देतात. यांत कोणी कोणावर उपकार करीत नाही. एकीची शिल्लक दुसरीच्या उपयोगी पडते, एवढेच.

आमच्या त्या २५० रुपयांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. पवित्र सप्ताहात आम्ही ते त्या बाईंच्या हाती ठेवले. त्या म्हणाल्या, “राहू द्या ताई, खाडे माझेच होते ना.” पत्नी म्हणाली, “खाडे तुमचे होते, पण ताप त्या लेकराचा होता.” त्यांनी पैसे घेतले, पदराच्या गाठीला बांधले आणि नेहमीप्रमाणे भांडी घासायला बसल्या. आम्हांला क्षमा मिळाली की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही, आणि ते विचारण्याचे धाडस आम्हांला झाले नाही.

ती वही आम्ही अजून वापरतो. मात्र तिच्यात पूर्वी दोन रकाने होते, किती वाचले आणि कशावर वाचले; आता तिसरा आखला आहे, कोणाच्या वाट्याचे. दर रविवारी मिस्साहून आल्यावर आम्ही दोघे आणि मुले जेवणाच्या टेबलाशी बसून तो भरतो. पुष्कळदा त्या रकान्यात आपलेच नाव येते आणि बरे वाटते. कधी भाजीवाल्या मावशींचे येते, कधी रिक्षावाल्याचे. गेल्या महिन्यात धाकट्या मुलीने आईचे नाव लिहिले. तिचा चष्मा बदलायचे काम आम्ही तीन महिने पुढे ढकलत होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही तो करून आणला.